गाठी ‘क्लिअर’ होत्या, मग अंतिम रिपोर्टमध्ये मायक्रोमेट कुठून आलं?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की बाहेर बसलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘गाठींमध्ये तर गेला नाही ना?’ सर्जन सांगतात, गाठी क्लिअर दिसताहेत. सगळ्यांच्या जिवात जीव येतो. मग आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट हाती पडतो आणि त्यात एक ओळ असते: ‘डाव्या सेंटिनल नोडमध्ये मायक्रोमेटास्टॅसिस, ०.६ मिमी.’ स्टेज बदललेली असते, किरणोपचारांचं बोलणं सुरू होतं. घरच्यांना वाटतं, एकतर तेव्हा कोणीतरी चुकलं, नाहीतर आता चुकतंय.

बहुतेक वेळा कोणीच चुकलेलं नसतं. पहिल्या वेळी वरवर बघितलेलं असतं, दुसऱ्या वेळी खोलवर. गेल्या काही वर्षांत हे खोलवर बघणं वाढलंय, म्हणून हा शब्दही रिपोर्टांत वरचेवर भेटू लागलाय. त्याचा नेमका अर्थ काय, आणि तो दिसला म्हणजे रोग उलटणारच का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

गाठींचं एवढं काय?

शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज लसिकावाहिन्यांचंही एक जाळं असतं. पेशींभोवती साचलेलं पातळ द्रव गोळा करून ते परत रक्तात सोडणं हे त्यांचं काम. या वाटेवर ठिकठिकाणी लहान लहान लसिका ग्रंथी असतात, आलेलं द्रव गाळून पुढे सोडणाऱ्या. दवाखान्यात त्यांना सरसकट ‘गाठी’ किंवा ‘नोड’ म्हणतात. (कॅन्सरची गाठ वेगळी, ही वेगळी. या गाठी प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून असतात. ‘गाठी काढल्या’ ऐकून अंगभर कॅन्सर पसरलाय असं समजणारे खूप भेटतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

गर्भाशयमुखातल्या ट्यूमरपासून सुटलेल्या पेशी या वाहिन्यांत शिरल्या, की सहसा आधी ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या गाठींमध्ये अडकतात आणि तिथून वर महाधमनीलगतच्या गाठींकडे सरकतात. म्हणूनच गाठींत रोग आहे की नाही, यावर पुढचं बरंच काही ठरतं. २००८ मध्ये जर्मनीतून ८९४ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठी स्वच्छ होत्या त्यांच्यापैकी ९१ टक्के स्त्रियांमध्ये पाच वर्षांत रोग उलटला नव्हता. गाठींत मोठा प्रसार असलेल्यांमध्ये हाच आकडा ६२ टक्के होता. मधल्या, म्हणजे सूक्ष्म प्रसार असलेल्या गटाचा आकडा मी मुद्दाम पुढे ठेवलाय.

मिलिमीटरच्या हिशेबातली तीन नावं

गाठीत सापडलेल्या कॅन्सरपेशींच्या पुंजक्याचे आकारावरून तीन प्रकार पडतात. २ मिमीपेक्षा मोठा असेल तर मॅक्रोमेटास्टॅसिस, म्हणजे ठळक प्रसार. ०.२ मिमीहून मोठा पण २ मिमीपर्यंतचा असेल तर मायक्रोमेटास्टॅसिस. यापुढे याला मी ‘सूक्ष्म प्रसार’ म्हणेन. आणि ०.२ मिमी किंवा त्याहूनही लहान झुपका, किंवा एका छेदात दोनशेहून कमी पेशी असतील, तर त्या ‘सुट्या पेशी’. रिपोर्टमध्ये सूक्ष्म प्रसाराची खूण ‘पीएन-वन-एमआय’ अशी असते, सुट्या पेशींची ‘पीएन-झीरो-आय-प्लस’. दुसऱ्यात ‘झीरो’ आहे हे लक्षात घ्या: सुट्या पेशींची नोंद होते, पण स्टेज त्यामुळे बदलत नाही.

या सीमारेषा निसर्गाने आखलेल्या नाहीत. त्या स्तनाच्या कॅन्सरसाठी ठरल्या आणि तिथून उचलून इथे लावल्या गेल्या. १.९ मिमी आणि २.१ मिमी यांत जीवशास्त्राच्या दृष्टीने काही मोठी दरी नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते, ती इथे मारली आहे.

पाचशे पानांची वही

आता मुख्य गोष्ट. काढलेली गाठ लॅबमध्ये आली की पॅथॉलॉजिस्ट तिचे साधारण २ मिमी जाडीचे काप करतात. ते काप फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवले जातात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्यातून सुमारे ४ मायक्रॉन जाडीची अतिपातळ चकती काढून काचेवर घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ४ मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. तेव्हा २ मिमीच्या एका कापातून अशा पाचशे चकत्या निघू शकतात. नेहमीच्या तपासणीत त्यांतली एक बघितली जाते.

तो काप म्हणजे पाचशे पानांची वही आहे असं समजा. तिच्यात कुठेतरी शाई सांडून काही पानांच्या आरपार झिरपली आहे, आणि तुम्हाला वहीचं एकच पान उघडायची मुभा आहे. डाग पाचशेहून जास्त पानांत झिरपलेला असेल, तर कुठलंही पान उघडा, तो दिसणारच. हाच ठळक प्रसार. २ मिमीचे काप करण्याची पद्धत पडली ती यासाठीच, ठळक प्रसार निसटू नये म्हणून. पण डाग फक्त पन्नास पानांत असेल, म्हणजे सूक्ष्म प्रसाराची सर्वांत खालची पायरी असेल, तर तो दिसण्याची शक्यता दहात एक. सुरुवातीच्या उदाहरणातला ०.६ मिमीचा पुंजका दीडशे पानांत पसरलेला असतो. एक पान उघडून तो सापडण्याची शक्यता तीस टक्के, निसटण्याची सत्तर.

यावर उपाय म्हणजे ‘अल्ट्रास्टेजिंग’. एकाच पानावर न थांबता ठरावीक अंतराने, सुमारे २०० मायक्रॉनवर, म्हणजे दर पन्नासाव्या पानाला थांबत, गाठ संपेपर्यंत छेद घेत जायचं. अशाने ०.२ मिमीहून मोठा पुंजका सुटायला जागाच राहत नाही. शिवाय काही चकत्यांना सायटोकेरॅटिन ओळखणारं खास रंजक लावतात. सायटोकेरॅटिन हे प्रथिन त्वचेसारख्या अस्तरांच्या पेशींत असतं आणि गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर अशाच अस्तरातून उगवतात. लसिका ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींत ते सहसा नसतं. त्यामुळे निळसर पेशींच्या गर्दीत चार-पाच परक्या पेशी जरी असल्या तरी तपकिरी रंगाने उठून दिसतात.

इथे एक खाच आहे. ओटीपोटातल्या गाठींमध्ये कधीकधी गर्भनलिकेच्या अस्तरासारख्या दिसणाऱ्या, पूर्णपणे निरुपद्रवी पेशींची छोटी बेटं असतात. तीही या रंजकाने तपकिरी होतात. अनुभवी नजर पेशींचा आकार आणि ठेवण बघून फरक ओळखते. नुसता रंग दिसला म्हणून कॅन्सर म्हणत नाहीत.

मग सगळ्याच गाठी अशा का तपासत नाहीत?

हिशेब करून बघा. ओटीपोटातल्या सगळ्या गाठी काढल्या तर वीस-तीस सहज निघतात. प्रत्येकीच्या डझनावारी स्लाइड, प्रत्येक स्लाइड डोळ्यांखालून घालायची. एका रुग्णापायी लॅबचे कित्येक दिवस जातील.

म्हणून सेंटिनल नोड. ट्यूमरकडून निघालेलं द्रव सर्वांत आधी ज्या गाठीत पोचतं, ती ही गाठ. ऑपरेशनच्या सुरुवातीला गर्भाशयमुखात निळा रंग, टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य किंवा इंडोसायनीन ग्रीन टोचतात. इंडोसायनीन ग्रीन इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली चमकतं आणि सर्जनला त्या गाठीपर्यंतची वाट दिसते. डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजूंची सेंटिनल गाठ सापडायला हवी, कारण दोन्हीकडचे निचरे वेगळे आहेत. एका बाजूची स्वच्छ निघाली म्हणून दुसऱ्या बाजूबद्दल काही सांगता येत नाही. फ्रान्समधल्या सेंटिकॉल अभ्यासाचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, सेंटिनल गाठी स्वच्छ निघाल्या तर बाकीच्याही स्वच्छ असण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या घरात असते.

या पद्धतीचा दुसरा फायदा रुग्णांच्या जास्त जिव्हाळ्याचा आहे. सगळ्या गाठी काढल्या की लसिकेचा निचरा तुंबतो. काहींच्या पायांना कायमची सूज येते, काहींच्या ओटीपोटात द्रवाच्या पिशव्या साचतात. २०२५ मध्ये चीनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या आठशेहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांच्या फक्त सेंटिनल गाठी काढल्या, निम्म्यांच्या सगळ्या. तीन वर्षांनी रोग न उलटलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास किंवा वरच होतं, आणि पायाची सूज पहिल्या गटात बरीच कमी. कमी गाठी काढायच्या आणि काढलेल्या नीट तपासायच्या, असा एकंदर कल आहे.

पण तेव्हा ‘क्लिअर’ म्हणाले ते?

ऑपरेशन चालू असताना लॅबकडून घेतलेलं उत्तर ‘फ्रोझन सेक्शन’चं असतं. गाठ गोठवून एक-दोन छेद घेतात आणि अर्ध्या तासाच्या आत कळवतात, कारण टेबलावर रुग्ण भुलीखाली आहे. गोठवलेल्या पेशींचं चित्रही मेणातल्यापेक्षा धूसर असतं. सूक्ष्म प्रसार यात हमखास निसटतो. सेंटिक्स या बहुराष्ट्रीय अभ्यासाच्या एका टप्प्यावर असं दिसलं की, अखेर ज्यांच्या गाठींत रोग निघाला त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणींमध्ये फ्रोझन सेक्शनला तो दिसलाच नव्हता.

तरीही ही तपासणी करतात, कारण ठळक प्रसार तिथेच कळला तर अनेक सर्जन पुढचं मोठं ऑपरेशन थांबवतात. अशा वेळी केमो आणि किरणोपचार लागणारच असतात, आणि गर्भाशय काढून जगण्याच्या शक्यतेत भर पडत नाही, असं ५१५ रुग्णांच्या अ‍ॅब्रॅक्स या अभ्यासात आढळलं. ऑपरेशन आणि किरणोपचार दोन्ही झाले की दुष्परिणाम मात्र दुहेरी.

‘पेट स्कॅन तर नॉर्मल होता,’ हा दुसरा नेहमीचा आक्षेप. स्कॅनला काही मिलिमीटरच्या खालचं दिसत नाही. ०.६ मिमीचा पुंजका पेट, एमआरआय, सीटी यांपैकी कशातही दिसणं शक्य नाही.

एवढ्याशा डागाने रोग उलटतो का?

इथे तज्ज्ञांमध्येच एकमत नाही.

आधी राखून ठेवलेला आकडा: जर्मनीतल्या त्या अभ्यासात सूक्ष्म प्रसार असलेल्यांपैकी ६९ टक्के स्त्रिया पाच वर्षं रोग न उलटता राहिल्या. म्हणजे स्वच्छ गाठींच्या ९१ टक्क्यांपेक्षा हा गट ठळक प्रसाराच्या ६२ टक्क्यांच्या जास्त जवळ. २०१२ मध्ये प्राग इथल्या डॉ. डेव्हिड सिबुला आणि सहकाऱ्यांनी आठ केंद्रांतल्या ६४५ रुग्णांच्या अल्ट्रास्टेजिंगचा लेखाजोखा मांडला. सुमारे दहा टक्के जणींना सूक्ष्म प्रसार होता. मृत्यूचा धोका ठळक प्रसारात ६.८५ पट, सूक्ष्म प्रसारात ६.८६ पट. जवळपास एकच. सुट्या पेशींनी मात्र काही फरक पडलेला दिसला नाही.

‘सात पट’ वाचून धडकी भरते, म्हणून थोडं थांबू. हा गुणाकार गाठी स्वच्छ असलेल्यांच्या धोक्याशी आहे, आणि तो धोका मुळात कमी असतो. लहान आकड्याला सातने गुणलं तरी बहुतेक जणी वाचतात, हे त्याच जर्मन आकड्यांत दिसतं: शंभरातल्या ६९.

दुसरी बाजू फ्रान्समधली. सेंटिकॉलच्या दोन चाचण्या एकत्र करून ३२१ रुग्ण बघितले, तेव्हा गाठींत अतिसूक्ष्म रोग (म्हणजे सूक्ष्म प्रसार किंवा सुट्या पेशी) असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांत तीन वर्षांच्या शेवटी रोग उलटण्यात म्हणण्याजोगा फरक नव्हता.

मग खरं कोण? मला विचाराल तर फ्रान्सचा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. अतिसूक्ष्म रोग असलेल्या स्त्रिया त्यात जेमतेम दोन डझन होत्या. एवढ्या थोड्या जणींत एक-दोघींचं इकडचं तिकडे झालं तरी टक्केवारी उलटीपालटी होते. शिवाय अशा स्त्रियांना रिपोर्ट पाहून पुढचे उपचारही दिले जातात. मग फरक दिसला नाही तो डाग निरुपद्रवी होता म्हणून, की उपचारांनी काम केलं म्हणून? आकड्यांतून हे वेगळं काढता येत नाही. लॅबागणिक छेदांचं अंतर वेगळं, म्हणून एकीकडचा ‘निगेटिव्ह’ दुसरीकडे पॉझिटिव्ह निघू शकतो, ही आणखी एक अडचण.

एका कागदाने पहिल्या स्टेजवरून तिसऱ्या?

हो, असं होतं, आणि घरच्यांना सर्वांत मोठा धक्का याचाच बसतो. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने, फिगोने, २०१८ मध्ये या कॅन्सरच्या स्टेज नव्याने मांडल्या. त्याआधी स्टेज ठरवताना गाठी धरतच नसत. आता ओटीपोटातल्या गाठीत रोग असेल तर ट्यूमर दीड सेंटिमीटरचा असला तरी स्टेज ‘थ्री-सी-वन’. सूक्ष्म प्रसारही यात मोडतो.

पण हीच स्टेज ओटीपोटभर पसरलेल्या मोठ्या ट्यूमरलाही मिळते. दोघींचं भवितव्य एक नाही. लहान ट्यूमर, एक गाठ, तीत अर्धा मिलिमीटर रोग, अशी स्त्री या स्टेजमधल्या सर्वांत बऱ्या स्थितीतल्यांपैकी असते. इंटरनेटवर ‘तिसरी स्टेज, जगण्याची शक्यता’ असं शोधून मिळणारे आकडे तिच्यासारख्या स्त्रियांचे नसतात.

यातून आकडेशास्त्राची एक गंमतही होते. ‘स्वच्छ’ गटातल्या सर्वांत धोक्यातल्या स्त्रिया उचलून ‘रोग असलेल्या’ गटात टाकल्या, तर पहिल्या गटाची सरासरी सुधारते. दुसऱ्या गटात त्या सर्वांत बऱ्या ठरतात, म्हणून त्याचीही सुधारते. एकाही स्त्रीच्या आयुष्यात एक दिवस वाढलेला नसतो! अमेरिकन विनोदकार विल रॉजर्स याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो; कॅन्सरच्या आकड्यांत तो १९८५ मध्ये दाखवून दिला गेला. ‘नव्या तपासणीनंतर निकाल सुधारले’ असं कुठे वाचलं तर हे आठवावं.

उपचार घ्यायचे की थांबायचं?

ऑपरेशननंतर गाठींत रोग निघाला तर ओटीपोटावर साधारण पाच-सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत सिस्प्लॅटिनवर आधारित केमो, ही रीत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीवरून पडली. नुसत्या किरणोपचारांनी चार वर्षांनी ७१ टक्के स्त्रिया हयात होत्या, केमोची जोड दिल्यावर ८१ टक्के. मात्र त्या काळी अल्ट्रास्टेजिंग नव्हतं. चाचणीतल्या गाठी नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या होत्या. केवळ सूक्ष्म प्रसार असलेल्या स्त्रियांचे दोन गट करून, एकाला उपचार देऊन आणि दुसऱ्याला न देता कुणी तुलना केलेली नाही. युरोपीय मार्गदर्शक सूचना आज तरी सूक्ष्म प्रसाराला ठळक प्रसारासारखंच वागवायला सांगतात, आणि वरचे आकडे पाहता हे सावध धोरण मला पटतं.

‘स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर काखेतला सूक्ष्म प्रसार सोडून देतात,’ असं वाचलेले लोक विचारतात. खरं आहे. पण तिथे बहुतेक स्त्रियांना हार्मोनच्या गोळ्या, केमो किंवा किरणोपचार यांपैकी काहीतरी एरवीही मिळतंच. उरलेल्या पेशींवर दुसरीकडून मारा होतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीच्या टप्प्यात ऑपरेशन हाच अनेकींचा एकमेव उपचार असतो. मागे काही राहिलं तर त्याला गाठणारं दुसरं काही नसतं.

उपचारांची किंमतही मोजावी लागते. किरणोपचारांनी आतडं आणि मूत्राशय दुखावू शकतं, अंडाशयांचं काम थांबून पाळी अकाली जाते, योनी आखडते, आणि ऑपरेशननंतर हे दिले तर पायाच्या सुजेचा धोका वाढतो. तिशी-चाळिशीतल्या स्त्रीशी याविषयी उपचार सुरू होण्याआधी मोकळेपणाने बोलायला हवं, नंतर नव्हे.

सुट्या पेशींसाठी मात्र, दुसरं काही धोक्याचं नसेल तर, केवळ त्यांच्यापायी असे उपचार दिले जात नाहीत. त्या पेशी तिथे रुजतील, प्रतिकारशक्ती त्यांना संपवेल, की त्या नुसत्याच वाहत आल्या होत्या, हे स्लाइडवर बघून कळत नाही.

आणि सगळं निगेटिव्ह आलं तर?

धोका शून्य होत नाही. वर उल्लेखलेल्या सेंटिक्स अभ्यासात अल्ट्रास्टेजिंग होऊनही गाठी स्वच्छ निघालेल्यांपैकी सुमारे सहा टक्के स्त्रियांचा रोग दोन वर्षांत उलटला. गाठी हा एकच रस्ता नाही. ट्यूमर किती मोठा, किती खोल, त्याच्या आतल्या वाहिन्यांमध्ये पेशी शिरल्या होत्या का, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, हे सगळं मिळून धोका ठरतो. गाठी स्वच्छ असूनही यांपैकी काही गोष्टी एकत्र आल्या तर किरणोपचार सुचवले जातात. रोग उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून तेव्हा दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी विचाराव्यात. दोन्ही बाजूंच्या सेंटिनल गाठी सापडल्या होत्या का? ‘निगेटिव्ह’ लिहिलंय ते अल्ट्रास्टेजिंग करून की नेहमीच्या एका छेदावरून? आणि पुंजक्याचा आकार मिलिमीटरमध्ये किती? दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद नेऊन भागत नाही. गाठीचे मेणाचे ठोकळे लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात. स्लाइडसोबत तेही मागून घ्यावेत, म्हणजे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना नवे छेद काढून बघता येतात.